निम्म्या पॉवरवर वॉर्डात ऐकू आलं नसतं

मंगळवारी सकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलो होतो. शालन माझ्या ढिगातल्या लांब देठाच्या काड्या उचलून परत माझ्यापुढे टाकत होती. "अहो, गाईला घालायचीय का?" म्हणाली. मी म्हटलं, कॉव्हेंट्रीत गाय कुठून आणू. निवडलेली मेथी तिनं पेपरात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली आणि दार लावता लावता ओट्याला धरलं. जरा दम लागलाय, म्हणाली. बसली, पाणी प्यायली, पण दम काही कमी होईना. मी अँब्युलन्स बोलावली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. त्यानंतरचं सगळं हॉस्पिटलचं.

बायको हॉस्पिटलात आणि हा माणूस कामावर जातो, असं आमच्या मराठी मंडळातले काही लोक माझ्यामागे बोलले. तोंडावर कुणी बोललं नाही. म्हणून कामावर काय चाललं होतं ते लिहितो.

मी सातवी पास. सांगलीत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात हात बसला, मग मेव्हण्याच्या ओळखीनं इकडे आलो. आधी गाड्यांच्या कारखान्यात होतो. तो बंद पडल्यावर एका छोट्या कंपनीत लागलो, ती रेडिओचे ट्रान्समीटर बनवते. रिटायर व्हायचं वय कधीच उलटलं, पण आठवड्यातले काही दिवस अजून जातो. माझं काम टेस्ट बेंचचं. इंजिनीअर डिझाईन करतात, मी केबल जोडतो, पॉवर चढवतो, काय तापतंय काय जळतंय ते सांगतो. गणित मला येत नाही आणि येतं असं मी कधी दाखवलं नाही.

त्या आठवड्यात बेंचवर आमच्याच शहराच्या कम्युनिटी रेडिओचा ट्रान्समीटर होता. तोवर तो रेडिओ फक्त इंटरनेटवर चालायचा. रविवारी सकाळपासून डिजिटल रेडिओवर येणार होता, साध्या सेटवर, घरोघर. शालन त्यावर रविवारचा मराठी तास करायची. कुठली भाजी कुठल्या दुकानात आलीय, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, असल्या गप्पा. पहिल्या रविवारचा कार्यक्रम तिनं आधीच रेकॉर्ड करून ठेवला होता. इंटरनेटवर कुणीही बोलतं, हवेतून आलं तर त्याला रेडिओ म्हणायचं, असं तिचं मत.

बुधवारी डॉक्टरीणबाईनं मला वॉर्डाबाहेर घेतलं. हार्ट फार थकलंय म्हणाली. घरी कधी सोडाल असं मी विचारलं, तर त्याचं आत्ता बोलू नका म्हणाली. तब्येत ऑन अ‍ॅव्हरेज स्टेबल आहे, असंही म्हणाली. मी आत गेलो.  शालन म्हणाली, "रविवारी तो छोटा रेडिओ घेऊन या. मला ऐकायचंय."

तिथून मी थेट कामावर गेलो. ट्रान्समीटर ट्रिप होत होता.

ट्रिप म्हणजे काय, ते सांगतो. डिजिटल रेडिओत सगळा कार्यक्रम एका लाटेवर बसवत नाहीत. दीड हजारांच्या वर बारीक लाटा शेजारी शेजारी सोडतात, प्रत्येकीवर थोडा थोडा माल. बहुतेक वेळा एक लाट वर तर दुसरी खाली, त्यामुळे एकूण बेरीज बेताची राहते. पण मध्येच खूप लाटा एकदम वर येतात आणि क्षणभर मोठं शिखर उभं राहतं. सरासरीच्या मानानं ते शिखर किती उंच, याला इंजिनीअर पीक-टू-अ‍ॅव्हरेज म्हणतात. मीटरवर सरासरी दिसते, आणि ती आमची झकास होती. अ‍ॅम्प्लिफायरला मात्र शिखर झेलावं लागतं. ते झेपलं नाही की दोन गोष्टी होतात. एक तर तो शिखर चेपतो, आणि चेपलेला कचरा शेजारच्या स्टेशनच्या जागेत जाऊन पडतो, जे कायद्यात बसत नाही. नाहीतर तो स्वतःला वाचवायला टक्कन बंद होतो. तो टक् म्हणजे ट्रिप.

मोठा अ‍ॅम्प्लिफायर लावला असता तर प्रश्न मिटला असता. तो ऑर्डरमध्ये होता, यायला महिना होता.

आमचा साहेब ग्रॅहम. माणूस वाईट नाही, घाई फार. तो म्हणाला, बॅक ऑफ करा, तीन डीबी खाली घ्या आणि पाठवून द्या. तीन डीबी खाली म्हणजे निम्मी पॉवर. पॉवर कमी केली की शिखरंही बसतात आणि ट्रिप होत नाही. सोपा उपाय आहे, सगळे करतात. मी म्हटलं, निम्म्या पॉवरवर हॉस्पिटलमध्ये ऐकू येणार नाही. अँटेना शहराच्या या टोकाच्या टॉवर ब्लॉकवर, हॉस्पिटल त्या टोकाला, भिंती जाड काँक्रीटच्या. सिग्नल कमी पडला की डिजिटल रेडिओ खरखरत नाही, चिखलात बुडबुडे यावेत तसा बुडबुडतो. शब्द एक कळत नाही.

ग्रॅहम म्हणाला, "कम्युनिटी रेडिओ आहे, लाइफबोट नाही. महिन्यानं फुल पॉवर देऊ."

मी म्हटलं, "माझी बायको त्या वॉर्डात आहे. महिना नाहीये."

 तो म्हणाला, शुक्रवार संध्याकाळपर्यंत काय करायचं ते करा. शनिवारी सकाळी गाडी येईल, तेव्हा ट्रान्समीटर ज्या पॉवरवर असेल त्या पॉवरवर जाईल.

आता सगळं केतकीवर होतं. केतकी पुण्याची, वर्क व्हिसावर आलेली, सिग्नलचं सॉफ्टवेअर तिचं. मला काका म्हणते, शालनला काकू. दिवाळीला आमच्याकडे येऊन करंज्या तळताना तिनं शालनकडून बोलणी खाल्लेली आहेत. मी तिला सगळं सांगितलं. रडली नाही, बरं झालं. म्हणाली, अ‍ॅम्प्लिफायर मोठा करता येत नाही ना, मग शिखरंच आधी छाटू.

मला शालनची एक युक्ती आठवली. मंडळाच्या गणपतीला हॉलच्या किचनमध्ये सगळ्या बायका आपापले कुकर एकदम लावायच्या आणि फ्यूज उडायचा. आरती अंधारात. शालननं पाळ्या लावल्या. तुझा आधी, माझा नंतर, आणि भजीवालीनं सगळ्यात शेवटी. फ्यूज परत उडाला नाही. मी केतकीला म्हटलं, लाटांनाही तशाच पाळ्या लाव की, थोड्या मागेपुढे कर.

ती हसली. "काका, तसं करतात खरं. पण लाट कुठे सरकवली ते घरातल्या सेटला कळायला हवं. सेट तर आधीच विकले गेलेत, त्यांना आता कोण सांगणार?"

म्हणजे माझी युक्ती गेली. राहिली छाटणी.

छाटणी म्हणजे कुंपणाचं हेज कापतात तसंच. एक उंची ठरवायची, तिच्यावर येईल ते कापायचं. याला क्लिपिंग म्हणतात. पण कापलं की पाला शेजारच्याच्या बागेत पडतो, म्हणून मागून झाडू मारायचा. तो झाडू म्हणजे फिल्टर. आणि जास्त कापलं तर हेजच मरतं, म्हणजे आवाजाचा डेटाच खराब होतो. कमी कापलं तर ट्रिप.

या टेस्टिंगची एक भानगड आहे. ते स्क्रीन्ड रूममध्ये करावं लागतं. पत्र्याची खोली, जाड दार, बाहेरचा एक सिग्नल आत येत नाही. म्हणजे फोनही लागत नाही. शालनला आवाज ऐकवायचा म्हणून मी अशा खोलीत बसलो होतो जिथे हॉस्पिटलचा फोन मला लागूच शकत नव्हता. दर थोड्या वेळानं दार उघडून बाहेर यायचो, फोन बघायचो, परत आत. दार उघडलं की चालू टेस्ट बाद. केतकी पहिल्यापासून सुरू करायची. गुरुवारी असं इतक्यांदा झालं की माझीच मला लाज वाटली, तरी पाय बाहेर जायचेच.

शुक्रवारी सकाळी ग्रॅहमनं माझ्याकडे हात पुढे केला. फोन इकडे द्या म्हणाला. मला वाटलं, आता हा मला घरी घालवणार. त्यानं खुर्ची ओढली, स्क्रीन्ड रूमच्या दाराबाहेर ठेवली, माझा फोन मांडीवर घेऊन बसला आणि स्वतःच्या मीटिंगा तिथूनच करायला लागला. वाजला तर दारावर ठोकेन म्हणाला.

आत केतकीनं छाटणी चालू केली. तिच्या स्क्रीनवर शिखरं सपाट झालेली दिसत होती. झालं काका, म्हणाली. मी पॉवर चढवली. निम्मी. पाऊण. पूर्ण. काटा स्थिर. आणि टक्.

परत. टक्. तिनं अजून खाली कापलं. स्क्रीनवर हेज टेबलासारखं सपाट. टक्.

"तुम्ही हात लावला की ट्रिप होतं, काका," ती म्हणाली. तिचा आवाज जरा चिरकला होता.

"मग तू लाव," मी म्हटलं. तिनं लावला. टक्.

तेवढ्यात दारावर थाप पडली. माझ्या हातातला स्पॅनर खाली पडला. दार उघडेपर्यंत मी मनात काय काय करून बसलो ते लिहीत नाही. ग्रॅहम फोन धरून उभा होता. कुणीतरी आमचा गॅसचा मीटर बदलायचा म्हणत होतं. ग्रॅहमच्या चेहऱ्याचा रंग माझ्याहून जास्त उडाला होता. मी गॅसवाल्याला मराठीत काय म्हटलं ते केतकीला कळलं, बाकी कुणाला नाही.

परत आत आलो तर केतकी डोक्याला हात लावून बसलेली. तिला तिची चूक सापडली होती. ती शिखरं मोजत होती छाटणीच्या जागी, म्हणजे झाडू मारायच्या आधी. तिथे सगळं सपाट दिसणारच. पण फिल्टरचा झाडू फिरला की लाटा पुन्हा थोड्या मिसळतात आणि शिखरं नव्यानं वर येतात. अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोचायची ती वाढलेली शिखरं. दोन दिवस आम्ही चुकीच्या खिडकीतून बघत होतो. शिकलेली माणसंही ही चूक करतात, असं तीच म्हणाली, आणि स्वतःला दोन शिव्या घातल्या.

मग तिनं कापणं, झाडणं, परत थोडं कापणं, परत झाडणं असं लावलं. दर वेळी कमी कापायचं. मोजायचं मात्र शेवटच्या झाडूनंतर. मी पॉवर चढवली. निम्मी. पाऊण. पूर्ण. टक् करून वीज तोडणाऱ्या त्या रिलेकडे आम्ही दोघं बघत बसलो. टक् झालं नाही. शेजारच्या जागेतला कचरा हद्दीत आला, आवाजाचा डेटाही हद्दीत राहिला, अगदी काठावर. ग्रॅहम आत येऊन मीटर बघून गेला. फुल पॉवरवर जाईल, एवढंच म्हणाला.

रविवारी मी छोटा रेडिओ घेऊन वॉर्डात गेलो. शालन पलंगावर टेकून बसली होती, नाकाला नळी. रेडिओ लावला. बुडबुडे.  एरियल पूर्ण बाहेर काढली, पलंगाला वळसा घालून खिडकीच्या कट्ट्यावर रेडिओ ठेवला. अजून बुडबुडे. हातभर डावीकडे सरकवला आणि शालनचा आवाज आला. स्वच्छ. नमस्कार मंडळी, असं म्हणत होती.

पलंगावरची शालन म्हणाली, "ही मी?"

"तूच."

"किती भरभर बोलते हो मी."

मी म्हटलं, हे मी लग्न झाल्यापासून सांगतोय. पूर्ण कार्यक्रम तिनं डोळे मिटून ऐकला. एका ठिकाणी स्वतःच्याच विनोदाला हसली. संपल्यावर मी रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "मेथी पिवळी पडेल. करून टाका. देठ काढा नीट."

मी म्हटलं, तू येऊन काढ. ती हो म्हणाली.

संध्याकाळी ती गेली. मी खुर्चीतच होतो. डॉक्टरीणबाई आली, म्हणाली दिवसभर सगळे आकडे बरे होते, मग एकदम हार्टला झेपलं नाही.  त्यात तिची चूक नव्हती. सरासरी बरी असली की माणूस निर्धास्त होतो, आणि बंद पडायला एकच क्षण पुरतो. आमच्या धंद्यात निदान मोजायची जागा बदलता येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्रिज उघडला. मेथी निम्मी पिवळी झाली होती. हिरवी पानं वेगळी काढली, राहिलेले देठ खुडले, तिनं खुडले असते त्याहून आखूड. लसणाची फोडणी दिली. सुतकात घरात चूल पेटवत नाहीत हे मला माहीत आहे, आणि मंडळाच्या बायका दुपारी डबे आणणारच होत्या. पण करून टाका म्हणाली होती, म्हणून केली. गॅस बंद करून केतकीला फोन लावला आणि रात्रीत ट्रान्समीटर ट्रिप झाला का विचारलं. एकदाही नाही, म्हणाली. मग तिला शालनचं सांगितलं.