दुबई ते शिरवणे, मुहूर्ताआधी

दुबई ते मुंबई एकोणीसशे किलोमीटर, विमानाने तीन तास. माझ्या लग्नाआधी हे आमच्या शिरवण्याच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं, की मला त्या आकड्यांचा वीट आला. आईचा एकुलता एक भाऊ दुबईला नोकरीला. त्याला रजा मिळाली ती थेट लग्नाच्या दिवसापासूनची. "दुपारी विमान पकडलं की चहाला हिकडं," असं माझा भाऊ सगळ्यांना छातीठोकपणे सांगत सुटला होता.

मुहूर्त गोरज होता. मी सीवूड्सच्या हॉलमध्ये मुंडावळ्या बांधून बसले होते आणि भाऊ मामाला आणायला गेला होता. कुठे, तर नव्या विमानतळावर! घराजवळ एवढा मोठा विमानतळ झाल्यावर आपला माणूस दुसरीकडे कशाला उतरेल, असं या शहाण्याने गृहीतच धरलं. मामाचं तिकीट कुणी बघितलंच नाही.

मग त्याचा फोन आला. "ताई, मामा बाहेर उबा हाय, मी पन बाहेरच उबा हाय. पन तो तिकडं मुंबईच्या जुन्या एअरपोर्टला उतरलाय."

माझं डोकंच फिरलं. "त्याला टॅक्सी करायला सांग आनि तू गप परत ये," मी ओरडले. विमान समुद्र ओलांडून वेळेवर आलं होतं. आणि आता मामा रविवारच्या गर्दीत खाडीपुलाच्या पलीकडे अडकला होता.

तेवढ्यात भटजींचा निरोप आला, मुलीला आणा. आमच्यात नवरीला मामा बोहल्यावर आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. कुणीतरी सुचवलं, चुलत मामाला उभं करा. आई कडाडली, "माजा सख्खा भाव वाटंला हाय. त्याचे जागंवर दुसरा कोन उबा रहनार नाय."

"मग काय मुहूर्त चुकवायचा?" मला रडू फुटायचंच बाकी होतं.

आईने माझा हात धरला आणि चालू लागली. मला वाटलं, खोलीच्या दारापर्यंत येईल. मंगलाष्टकं चालू असताना नवरीची आई बोहल्याजवळ थांबत नाही, आत तुळशीला पाणी घालत बसते. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात आईने तेच केलं होतं. आज मात्र ती अंतरपाटापर्यंत आली आणि माझ्या मागे उभी राहिली. बायकांत कुजबुज सुरू झाली. भटजी एकदा आईकडे, एकदा घड्याळाकडे बघत राहिले. आता भर मांडवात भांडण होणार, असं मला वाटलं. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"चालू करा," ती म्हणाली.

भटजींनी सुरुवात केली. मामाला वेळ मिळावा म्हणून आत्याने बेसूर आवाजात आणखी दोन मंगलाष्टकं म्हटली. माझे कान दाराकडेच होते. कुणी आलं नाही. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली.

मामा आला तेव्हा पंगत बसली होती. घामाघूम, हातात बॅग तशीच. आईला बघताच तो रडायलाच लागला. "ताय, नाय गं पोचलो."

आईने पदराने त्याचं तोंड पुसलं.

"बरा झाला तुला उशीर," ती म्हणाली. "थोरलीचे टायमाला आतून नुसता आवाज आयकला व्हता. आज माजे पोरीचं लगीन मी डोल्यानं बगलं."