मयताच्या घरचं जेवण

दार-ए-सलाममध्ये माझं बस्तान एका बाईमुळे बसलं, आणि चौथ्याच महिन्यात मी तिला दुखावलं.

अकोल्यात वीस वर्षं मी डाळ मिलच्या प्रयोगशाळेत होते. तिकडच्या तुरीच्या कारखान्यात दोन वर्षांचं काम मिळालं, तेव्हा जठारपेठेतल्या घराला कुलूप लावून निघाले. ही बाई तिथं माल निवडणाऱ्या बायकांची मुकादम होती, माझ्याच वयाची. कोणती मिनीबस कुठं उतरवते, नळाला पाणी कोणत्या दिवशी येत नाही, भाजीवालीशी घासाघीस कशी करायची, हे सगळं तिनं शिकवलं. दुपारचा डबा आम्ही सोबत खायचो. बोलणं मोडक्या स्वाहिलीत आणि मोडक्या इंग्रजीत चालायचं, भांडणंही त्यातच. तुरीचा दाणा दाताखाली धरून ती ओल सांगायची आणि माझ्या यंत्राला नावं ठेवायची. बहुतेक वेळा तीच बरोबर निघायची. त्या शहरात माझं असं दुसरं माणूस नव्हतं.

तिची आई गेली. कारखान्यातल्या सगळ्याजणींबरोबर मीही गेले. अंगणात मांडव, चटयांवर बायका, मागे मोठाल्या पातेल्यांत भात शिजत होता. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तेवढ्यात कोणीतरी ताट आणून माझ्यापुढे ठेवलं. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारचे डबा पोचवतात, आणि भेटायला आलेला माणूस तिथं पाणीसुद्धा पीत नाही. मी ताट बाजूला सरकवलं. पाण्यालाही हात जोडले. घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली आणि झोपले. आपण रीतीनं वागलो, एवढंच डोक्यात.

ती कामावर परतली, पण डबा घेऊन दुसरीकडे बसायला लागली. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. आठ दिवस मी वाट पाहिली, मग सरळ विचारलं.

"माझ्या आईच्या ताटात तुला काय दिसलं?" ती म्हणाली. "किडे?"

"आमच्यात मयताच्या घरी जेवत नाहीत."

"आमच्यात जो जेवत नाही, तो दुःखात आलेला नसतो. नुसता बघायला आलेला असतो."

एवढं बोलून ती कामाला लागली.

त्या रविवारी अमरावतीला ताईला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "बराबर केलं तूनं. मयताच्या घरी कोनी जेवते काय?"

"इथं जेवतेत वो ताई."

"तं मंग जेवून येनं! मले काहून विचारून राहिली?"

आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मुकादमच्या घरी पुन्हा जेवण आहे, हे मला कारखान्यात कळलं. मला आमंत्रण नव्हतं. सकाळी आठलाच जाऊन उभी राहिले.

तिनं मला दारातच अडवलं. "जेवण दुपारी आहे."

"माहीत आहे. कांदे कुठं आहेत?"

ती बाजूला झाली. मागच्या अंगणात पोतंभर कांदे होते. एका म्हातारीनं माझी सुरी धरायची तऱ्हा पाहून काहीतरी शेरा मारला, बाकीच्या खदखदून हसल्या. मी खालमानेनं चिरत राहिले. पोतं अर्ध्यावर आलं, तेव्हा म्हातारीनं स्वतःची कांद्यांची पाटी माझ्यापुढे लोटली आणि पाय पसरून बसली.

दुपारी एका परातीत पाचजणी बसलो. भात आणि नारळाच्या दुधातला राजमा. उष्टं-खरकटं मी जन्मभर पाळलेलं. दुसऱ्या बायांची बोटं माझ्या बाजूच्या भातात येत होती. पहिला घास जड गेला, खोटं कशाला बोलू? नंतरचे गेले.

ती आली, थोडा वेळ उभी राहून बघत होती. मग मला कोपरानं सरकवून शेजारी बसली.

"आई राजमा नेहमी करपवायची," ती म्हणाली. "कोणी बोललं की त्याच्यापुढचं ताटच उचलून न्यायची."

"मग तुम्ही काय करायचात?"

"गुपचूप खायचो." परातीच्या मधला भाताचा ढीग तिनं हातानं माझ्या बाजूला ओढला. "तूही तेच कर. हे संपव."