भसीन आणि इतर

ज्या ऑफिसात कामं होतात तिथे किस्से होत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या संस्थेत किस्से रग्गड झाले. काय करणार, दुसरं काही होतच नव्हतं! आजही कोणी मराठी माणूस घरी जेवायला आला की आमचे हे आधीच बजावतात, "हिला गुडगावचं काही विचारू नका, वरण गार होईल." पाहुणे विचारतात. वरण गार होतं.

तर, देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि दिल्लीच्या हद्दीबाहेर, गुडगावला मोहरीच्या शेतात काचेची एक इमारत उभी राहिली होती. आत मॅनेजमेंट आणि फायनान्सचं संशोधन चालायचं, म्हणजे तसं बाहेरच्या पाटीवर लिहिलं होतं. मी तिथे रिसर्च ऑफिसर. रोज आर. के. पुरमच्या सरकारी कॉलनीतून चार्टर्ड बसने जायचे. डायरेक्टर होते डॉ. भसीन, उदयोन्मुख बाजारपेठांचे गाढे तज्ज्ञ. त्यांचा नियम एकच. संस्थेतून जो कागद निघेल त्यावर पहिलं नाव त्यांचं. लेख तुम्ही लिहा, उन्हातान्हात तुम्ही फिरा, आकडेमोड तुम्ही करा. छापून येणार 'भसीन आणि इतर'. आम्ही सगळे जन्माचे 'इतर'!

टायपिस्ट नेगीजींच्या बोटांना याची इतकी सवय झाली होती की एकदा नोटीस बोर्डावर कागद लागला: 'रविवारी पाण्याची टाकी साफ करण्यात येईल. भसीन आणि इतर.' खाली साहेबांची झोकदार सही. वाचायची पद्धतच नव्हती ना!

सोमवारी मी मुद्दाम विचारलं, "सर, टाकीत गाळ फार होता का हो?"

साहेब गंभीर झाले. म्हणाले, "इस पर पहले लिटरेचर देखना पडेगा."

* * *

एकदा परदेशातून एक प्रोफेसर आले. त्यांना भारतीय मध्यमवर्गीय ग्राहक बघायचा होता. मी म्हटलं, चला की, आमच्या कॉलनीतल्या संध्याकाळच्या भाजीबाजारात नेते, हवे तेवढे बघा.

भसीनसाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "वहाँ धूल बहुत है." मग ग्राहकच कॉन्फरन्स रूममध्ये मागवला. मागवला म्हणजे काय, साहेबांची बायको, साहेबांची मेहुणी आणि मेहुणीच्या किटी पार्टीतल्या चार जणी! एसी लावला, काजू ठेवले आणि चर्चा सुरू झाली.

प्रोफेसरांनी विचारलं, "तुम्ही भाजी किती वेळा विकत घेता?"

"हम? कभी नहीं," मेहुणी म्हणाली. "नौकर लाता है."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. अहवालात वाक्य छापून आलं, मी स्वतः वाचलंय: 'भारतीय मध्यमवर्गात ताज्या भाजीपाल्याची मागणी जवळजवळ नाही.' लेखक कोण, ते सांगायला नकोच.

* * *

आता शुभांगीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिचंच आहे. शुभांगी आमची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेली, जन्माची दिल्लीकर, त्यामुळे मला "ताई, सुनो ना यार" अशी हाक मारायची. पोरगी कष्टाळू. गाइड अर्थातच भसीन. विषय होता, सरकारी वसाहतींमधली माणसं शेअर कशाच्या भरवशावर घेतात. तेव्हा जो उठेल तो शेअरचे अर्ज भरत होता.

आम्ही दोघी आर. के. पुरमच्या जिन्यांवरून चढउतार करत असू. खालच्या मजल्यावर कुलकर्णीकाका, अंडर सेक्रेटरी. शुभांगीने विचारलं, "काका, हाच शेअर का घेतला?"

"वरच्या नायरनी घेतला. फायनान्स मिनिस्ट्रीत आहे तो, उगीच घेईल का?"

"कंपनी काय बनवते?"

"ते काही विचारलं नाही बुवा."

आम्ही वर गेलो. नायरसाहेब म्हणाले, "नीचे कुलकर्णीजी ने लिया ना! मराठी लोग पैसा सोच के लगाते हैं."

जिन्यात शुभांगी हसून हसून खाली बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "ताई, हेच माझं चौथं प्रकरण!" पुढे तिने शेकडो घरं पालथी घातली आणि सिद्ध केलं की जो तो शेजाऱ्याकडे बघून पैसे घालतोय आणि जो तो त्यात बुडतोय. फार चांगलं काम होतं हो. परदेशातल्या एका जर्नलने त्या चौथ्या प्रकरणाचा लेख छापला. नाव? 'भसीन आणि इतर'. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शुभांगी म्हणाली, "जाने दो ताई, छापलं तर खरं."

* * *

तोच लेख घेऊन साहेब एका पंचतारांकित हॉटेलात भाषणाला गेले. पारदर्शक शीट्सचा डबा धरायला मी होते. शुभांगीला बोलावलंच नव्हतं. इतरांची सोय नव्हती म्हणे!

मुख्य आलेख होता शेजाऱ्याचं ऐकून घेतलेल्या शेअर्सच्या किमतीचा. भराभर खाली उतरणारी रेघ. साहेबांनी शीट प्रोजेक्टरवर ठेवली, तीही पालथी! रेघ दिमाखात वर चढायला लागली. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसत होती. मी खुणा केल्या, खोकले, शेवटी डबा आपटला. पण साहेब रंगात आले होते. "देखिए, हमारा छोटा इन्व्हेस्टर कितना समझदार है!" चांगली वीस मिनिटं ती चढण समजावून सांगितली. समोर दीडशे तज्ज्ञ बसले होते. एकालाही उलटी अक्षरं दिसली नाहीत.

टाळ्या पडल्या. एका विलायती फंडाचे गोरे साहेब उठून आले, भसीनसाहेबांचा हात दाबला आणि तिथल्या तिथे भलामोठा प्रोजेक्ट दिला. विषय: 'समंजस भारतीय गुंतवणूकदार'.

* * *

इथून शुभांगीचे ग्रह फिरले. संस्था त्या फंडावर चालायला लागली आणि हिचा प्रबंध नेमकं उलट सांगणारा! साहेबांनी तो वाचला नव्हताच, पण कोणीतरी कानाला लागलं असणार. जेव्हा बघावं तेव्हा एकच शेरा: "चॅप्टर फोर वीक है."

तिने चौथं प्रकरण पुन्हा लिहिलं. "वीक है." परत लिहिलं. "अब भी वीक है." मग मीच तिला म्हटलं, अगं, एक कॉमासुद्धा बदलू नकोस, फक्त निळ्याऐवजी मरून बाइंडिंग कर. साहेबांनी हातात घेऊन वजन केलं आणि म्हणाले, "बहुत इम्प्रूव्हमेंट है! लेकिन चॅप्टर फोर..."

आम्हाला हसू आलं, पण तिचं सगळं त्यावर टांगलेलं होतं. नवऱ्याची बदली शिलाँगला झालेली. दिल्लीच्या एका कॉलेजात तिची लेक्चररची जागा पक्की होती, पण जूनच्या आत डॉक्टरेट हातात पाहिजे. नाहीतर नोकरी गेली आणि सामान बांधून शिलाँग. एकदा बसस्टॉपवर ती रडली. म्हणाली, "ताई, इतकी वर्षं मी केलं काय?" मला त्या माणसाची मान धरावीशी वाटली, खोटं कशाला सांगू.

शेवटी व्हायवा ठरला, तो काही दया येऊन नव्हे. संस्थेतून अजून एकही पीएच.डी. बाहेर पडली नव्हती आणि ग्रँट देणारे विचारायला लागले होते.

* * *

व्हायवाला कलकत्त्याचे म्हातारे प्रोफेसर सेनगुप्ता परीक्षक होते. पहिल्या रांगेत फंडाचे गोरे साहेब. दाराबाहेर समोसे थांबलेले.

शुभांगी सुरेख बोलली. कुलकर्णी आणि नायर सांगितले तेव्हा सेनगुप्ता मनापासून हसले. भसीनसाहेब मात्र चौथं प्रकरण आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते. गोऱ्या साहेबांची भुवई वर गेली आणि भसीनसाहेब ताडकन उठले. गाइडने तोंड मिटून बसायचं असतं, तेही विसरले!

"बकवास है यह! जिसने भी यह लिखा है, उसे इन्व्हेस्टर की एबीसीडी नहीं मालूम. मैं तो कहता हूँ, इसे फेल कीजिए."

शुभांगीने हातातली छडी खाली ठेवली. तिने पाण्याचा घोट घेतला, टेबलावरचं जर्नल उचललं, पान काढलं आणि साहेबांच्या हातात दिलं.

"सर, चॅप्टर फोर यही है. पहला नाम आपका है."

साहेबांनी चष्मा चढवला. नाव वाचलं. मला वाटतं, लेखाचा तेवढाच भाग त्यांनी कधी वाचला असेल. मग चष्मा खाली ठेवून शांतपणे म्हणाले,

"अच्छा, मेरा है? तब तो बिल्कुल ठीक है."

सेनगुप्तांनी पेन काढलं आणि सही ठोकली. मी शुभांगीला मिठी मारली, समोसे आत आले, गोरे साहेब न खाताच निघून गेले.

संध्याकाळी बससाठी निघताना शुभांगीने माझा दंड धरून मला नोटीस बोर्डापाशी थांबवलं. नेगीजींचा ताजा कागद लागला होता:

'पीएच.डी. मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! भसीन आणि इतर.'

खाली साहेबांची झोकदार सही.