अक्काची एका रस्त्याची मुंबई

प्रवासात अक्काला मी पुढे बघताना कधी पाहिलं नाही. एस.टी.त चढली की ती पायरीवरूनच मागे वळायची. रेल्वेत कोणी खिडकीजवळची जागा दिली तरी घ्यायची नाही. आपली सगळी माणसं एका नजरेत दिसतील अशी जागा बघून बसायची. बोगदा आला, नदी आली, घाट आला की बाकीचे खिडकीला चिकटत. अक्का माणसं मोजत असे.

अक्का माझी आत्या. वडील तिला अक्का म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. शिंदखेड्याजवळच्या एका आरोग्य केंद्रात तिने नर्स म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतरही तिथेच राहिली. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. मी जळगावला एका पतसंस्थेत हिशेब तपासण्याचं काम करतो. 'आमच्याकडे राहायला ये' असं आम्ही वरचेवर म्हणायचो आणि ती वरचेवर हसायची. 'मनी गल्ली कोन सांभाळी?' हे तिचं ठरलेलं उत्तर होतं.

तिची मोजायची पद्धत तिची स्वतःची होती. ती आकडे म्हणत नसे, नावं म्हणत असे, आणि तीही गल्लीतल्या घरांच्या क्रमाने. टोकाच्या घरापासून सुरू करून विहाराशेजारच्या घरापर्यंत. मोजत असताना मध्ये कोणी बोललं तर पुन्हा टोकाच्या घरापासून. आकड्यांवर पोट असलेला माणूस म्हणून मी एकदा तिला सुचवलं, "अक्का, एकूण आकडा लक्षात ठेव ना, पटकन होईल." तिने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. "आकडा सांगस कितल्या हरपन्यात. कोन हरपनी ते सांगस का?"

ही मोजणी मुख्यतः एका प्रवासासाठी होती. दर वर्षी सहा डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, अक्का गल्लीतल्या बायकांना घेऊन चैत्यभूमीवर अभिवादनाला जायची. शिंदखेड्याहून धुळे, धुळ्याहून चाळीसगाव आणि तिथून रेल्वेने दादर. तिच्या हातात एक काठी असे आणि काठीच्या टोकाला निळं फडकं. त्या फडक्यामागे सगळ्या पांढऱ्या साड्या. त्यांच्या पिशव्यांत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाणी. मुक्काम मैदानातल्या मंडपात. मग रांग. रांगेत तासन् तास उभं राहायचं, आत गेल्यावर हात जोडून डोकं टेकवेपर्यंत स्वयंसेवक म्हणायचा, "चला माय, पुढे चला, मागे लोक आहेत." की बाहेर.

मुंबई कशी आहे, असं कोणी विचारलं तर अक्का सांगायची, "मुंबई म्हंजे एक रस्ता शे. एक आंगे ठेसन, दुसऱ्या आंगे चैत्यभूमी. मझार लाइन." मधे दुसरं काही नाही, रांगच.

नोकरी लागल्यावर एका वर्षी मीही तिच्याबरोबर गेलो होतो. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर तिने सगळ्या बायकांना एका भिंतीशी गोळा केलं आणि नावं म्हणायला सुरुवात केली. पलीकडे समुद्र होता. वारा तोंडावर येत होता, लाटांचा आवाज कानावर येत होता. बायकांपैकी एक नवी सून हळूच म्हणाली, "अक्का, समुद्र देखी येऊ का? आठेच शे." अक्काचं एक नाव चुकलं, म्हणून आधी ती चिडली. मग म्हणाली, "आपन आठे हवा खावाले नही उनूत." अक्काने पुन्हा टोकाच्या घरापासून सुरुवात केली. समुद्राकडे तिची पाठ होती.

मला तेव्हा ते योग्यच वाटलं होतं. दुखवट्याच्या दिवशी माणसाने कसं वागावं याचे तिचे नियम पक्के होते. त्या दिवशी बाहेरचं खायचं नाही, खरेदी करायची नाही. पुस्तकं मात्र घ्यायची आणि तीही घरी पोचल्यावरच उघडायची, कारण "रस्तामा पुस्तक उघडं का बाई हरपनी समज."

दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांचं निघालं. ती दाराच्या चौकटीला धडकू लागली. धुळ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, आणि उशीर झाला आहे असंही. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची. किती दिवस टिकेल, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं, तरी सांगितलं नाही. दवाखान्यातून बाहेर आल्यावर अक्कानेच मला समजावलं, जसं ती आयुष्यभर पेशंटच्या नातेवाइकांना समजावत आली होती. "नजर कडाकडाथीन खपस, विजू. मझारनी शेवटले जास. फुंकनीमधून चूल देखतस ना, तसं." नजर कडेने संपत येते आणि मधली शेवटी जाते, इतकं सांगून ती रसवंतीकडे वळली. "चाल, रस पाज माले."

ती महिनाभर आमच्याकडे जळगावला राहिली. एका संध्याकाळी माझी मुलगी प्राची म्हणाली, "पप्पा, अक्काआजीला मुंबई दाखवू या. नीट, फिरून." मला कल्पना इतकी पटली की मी त्याच वेळी कागद घेऊन बसलो. पहिला दिवस: वस्तुसंग्रहालय, गेटवे. दुसरा दिवस: राणीची बाग, मलबार हिल, चौपाटी. जेवणाला अर्धा तास, टॅक्सीला पाऊण तास. अक्का पोळी मोडत माझं वाचन ऐकत होती.

"मुंबई मी देखेल शे," ती म्हणाली.

"काय बघितलं तू, आजी?" प्राची म्हणाली. "पुढच्या बाईचा अंबाडा."

अक्का हसली, पण मान हलवली नाही. "ज्या गावले आपन रडाले जातस, तठे फिराले कसं जावानं? गल्ली काय म्हनी? अक्का म्हातारपनी मज्या मारी राहिनी."

मी म्हटलं, गल्लीला सांगू नकोस. हे चुकलंच. अक्काने आयुष्यात गल्लीपासून काही लपवलेलं नव्हतं आणि ते ती आता सुरू करणार नव्हती. तिने ताट बाजूला सारलं. विषय संपला असं आम्ही समजलो.

माझी बायको संगीता भांडी आवरत होती. तिने मागे न वळता विचारलं, "अक्का, यांच्या बाबांच्या मातीला तुम्ही या घरी आलात?"

"उनू ना."

"आणि प्राचीच्या बारशाला?"

अक्काने सारलेलं ताट पुन्हा पुढे ओढलं. मला म्हणाली, "तुनी बायको वकील व्हती तं तू उपाशी नही ऱ्हाता." मग तिने अटी सांगितल्या. आधी चैत्यभूमी, मग बाकीचं. साडी पांढरीच. आणि खाणं घरचं. मी कागदावर पहिल्या ओळीच्या वर चैत्यभूमी लिहिलं आणि समोर वेळ घातली: अर्धा तास. डिसेंबरमधल्या तिच्या काही सेकंदांच्या मानाने ती मला भरपूर वाटली.

निघायच्या आदल्या दिवशी तिने प्राचीला बसवून हरवल्यावर काय करायचं ते पाठ करून घेतलं. प्राची म्हणाली, मोबाइल आहे ना. अक्का म्हणाली, "मोबाइलबी हरपस." दशम्या तिने इतक्या केल्या की चार माणसांना आठवडाभर पुरल्या असत्या. संगीताने विचारलं, एवढ्या कशाला? अक्काच्या हाताला गल्लीचंच माप होतं. "वाटमा कोनी भुक्या भेटना तं?"

मार्चमधला साधा दिवस होता. आम्ही दादरला टॅक्सी सोडली आणि अक्का एकदम थांबली. हाच तिचा मुंबईतला एक रस्ता. पण त्यावर कोणीच नव्हतं. एक शहाळेवाला, शाळेची बस, कुत्र्याला फिरवणारा एक माणूस. ती मान इकडून तिकडे वळवून बघत राहिली. नजर अरुंद झाल्यापासून तिला तसंच बघावं लागे. मला वाटलं तिला रस्ता ओळखू येत नाही.

फाटकाशी पहारेकरी बसला होता. अक्काने त्याला विचारलं, "भाऊ, लाइन कोठून लागेल शे?"

त्याला बोली कळली नाही. मी सांगितल्यावर तो म्हणाला, "लाइन कसली आजी, आज कोणी नाही. जा सरळ."

अक्का सरळ जाईना. ती फाटकापासून चार पावलं मागे आली आणि एकटीच उभी राहिली, रांगेत उभी राहतात तशी, पिशवी पोटाशी धरून. आम्ही तिच्या मागे उभे राहिलो. दुसरं काय करणार. थोड्या वेळाने, कोणी पुढे सरकल्यासारखं वाटून, ती पुढे झाली. आत गेली, हात जोडले, डोकं टेकवलं आणि लगेच उठून दुसऱ्या बाजूने बाहेर आली. बाहेर येताच मागे वळली. "संगीता. प्राची. विजू."

"अक्का," संगीता म्हणाली, "मागे कोणी नाही. पुन्हा जा. बसा निवांत."

"बसू देतस?"

"कोण उठवणार आहे?"

ती परत आत गेली. आम्ही दारातून बघत होतो. अक्का भिंतीलगत खाली बसली, चपला काढलेले पाय पदराखाली घेतले आणि त्रिशरण म्हणू लागली. आवाज आधी पुटपुटल्यासारखा होता, मग बराच स्वच्छ. म्हणून झाल्यावर ती नुसती बसली. माझा अर्धा तास संपला. वस्तुसंग्रहालयाची वेळ झाली आणि गेली. मी एकदा घड्याळ बघितलं तेव्हा प्राचीने माझ्या मनगटावर हात ठेवला. पुढे आत एक-दोन माणसं येऊन गेली. अक्का त्यांना वाट देण्यासाठी जरा सरकली, पण उठली नाही. ती रडत होती का, ते मला सांगता येणार नाही. माझ्याकडे तिची पाठ होती.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा आजारातून उठलेल्या माणसासारखा हलका झाला होता. वारा सुटला होता. मी म्हटलं, "चल, पलीकडे जाऊ." ती नेहमीच्या सवयीने आम्हाला पुढे घालून स्वतः मागे राहायला लागली.

"तू पुढे चाल," मी म्हटलं. "मी मागे राहतो. मी मोजतो."

"तू आकडा मोजशी."

"नावानं मोजतो. संगीता, प्राची, अक्का."

"मनं नाव आखरीले का रे?" असं म्हणत ती पुढे झाली.

वाळूत तिला चालवेना. प्राचीने एक हात धरला, संगीताने दुसरा. भरती होती. पाण्याच्या जवळ जाऊन तिघी थांबल्या. अक्काने मान डावीकडे नेली, तशीच सावकाश उजवीकडे आणली, पुन्हा डावीकडे नेली. घराची चौकट, माणसाचा चेहरा, ताटातली भाजी, सगळं आता ती असंच तुकड्यातुकड्याने जोडून बघत असे. मी तिच्याजवळ गेलो. काय दिसतंय, असं विचारायचा मला धीर झाला नाही.

तीच म्हणाली, "फुंकनी कोठेबी फिरावं, विजू, मझार बठ्ठं पानीच शे. कमी काहीच नही दिसत."

बाकीची मुंबई आम्ही दुसऱ्या दिवशी जमेल तेवढी पाहिली. गेटवेला तिने 'हाई दार कोनं शे?' असं विचारलं, आणि हॉटेलच्या लिफ्टमध्ये अनोळखी माणसांचीही नावं विचारून घेतली. उरलेल्या दशम्या तिने फुटपाथवरच्या एका कुटुंबाला दिल्या आणि त्यांच्याबरोबर बसून स्वतःही एक खाल्ली. माझ्या कागदावरच्या निम्म्याहून जास्त जागा राहिल्या. परतीच्या गाडीत मी तिला खिडकीजवळ बसवलं. ती बसली, आणि इगतपुरी येईपर्यंत झोपून गेली.

त्या डिसेंबरला ती पुन्हा गेली. तेव्हा तिला जवळजवळ दिसेनासं झालं होतं. आम्ही फोनवर नको म्हटलं, पण तिने ऐकलं नाही. यंदा उन्हाळ्यात ती गेली. झोपेतच गेली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही शिंदखेड्याला होतो. वंदना झाली, भोजनदान झालं, आणि गल्लीतल्या बायका विहाराच्या ओट्यावर आमच्याभोवती बसल्या. आता काठी चंद्रकलाकडे आहे. समुद्र बघायचा म्हणून बोलणी खाल्लेली ती नवी सून हीच. आज तिलाही सून आली आहे. तिने सांगितलं ते मला माहीत नव्हतं. त्या शेवटच्या खेपेला दर्शन झाल्यावर अक्काने सगळ्यांना भिंतीशी गोळा केलं, नावं घेतली, आणि मग म्हणाली, "पिशव्या आठे ठेवा. आर्ध्याजनी जा, समुद्र देखी या. मंग बाकीन्या." बायकांना वाटलं म्हातारीचं काही बिनसलं. कोणी उठेना. तेव्हा तिने काठी आपटली.

"पिशव्यापाशी ती एकलीच बसनी," चंद्रकला म्हणाली. "जी परत ये तिले इचारे, काय देखं, सांग. बठ्ठ्यास्ले इचारं. मी सांगं, अक्का, तेले पल्ली आंग नही. तं म्हने, ते माले मालूम शे, आखो सांग."

पलीकडची बाजू नसलेल्या समुद्राबद्दल 'आणखी सांग, आणखी सांग' चाललं, आणि त्या गर्दीत आणि त्या गोंधळात त्यांची परतीची गाडी चुकली होती. रात्रभर सगळ्या फलाटावर बसल्या. अक्काच्या हातून गाडी चुकण्याची ती पहिलीच वेळ.

चंद्रकलाला यंदाची काळजी होती. मी हिशेबाचा माणूस आहे हे तिला माहीत होतं. "भाऊ, तुम्ही सांगा," ती मला म्हणाली. "गाडी संध्याकाळनी ऱ्हास. बायास्ले समुद्रवर कितला येळ देऊ? अक्कानी तं येळ सांगंच नही."

मी मनात रांगेचा वेळ धरला, मैदान ते स्टेशन चालण्याचा धरला, गर्दीचा धरला. बेरीज कशीही केली तरी समुद्राच्या वाट्याला काही मिनिटंच येत होती.

"संध्याकाळची गाडी घेऊच नका," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी सकाळची घ्या. तिकिटं मी काढून देतो."