पुसायचं नाय, टिपायचं

मी तापट माणूस आहे. महाडात कुणालाही विचारा, हायवेवरच्या सुनीलच्या गाडी धुवायच्या सेंटरवर शिव्या फुकट मिळतात, असंच सांगतील. लाथेनं बादल्या उडवल्यात, चिडून स्वतःचाच मोबाईल भिंतीवर फोडलाय. कामाच्या माणसावर मात्र कधी हात उगारला नाही, आणि त्याचा मला भारी अभिमान होता. तुझ्यामुळं एका बाईचं डोकं फुटेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याचंच फोडलं असतं.

आनंदीबाई कापड्याची. पोलादपूरवरून घाटाकडे निघालं की लागतं ते गाव. लावणी, कापणी, झोडणी, यातच तिची पंचेचाळीस वर्षं गेलेली. माझ्याकडे ती झाडूला लागली. तिसऱ्या दिवशी अक्षय, म्हणजे माझा पंप मारणारा माणूस, एक लाल गाडी पुसत होता. गोल गोल, दात-ओठ खाऊन. आनंदीबाईनं झाडू भिंतीला टेकवला आणि त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"अरं, सोलतोस काय तिला?" म्हणाली.

लोकांना वाटतं गाडी धुताना खराब होते. साफ खोटं. धुताना पाणी असतं, फेस असतो, धूळ वाहून जाते. रंग मरतो तो पुसताना. रेतीचा एक कण फडक्याखाली सापडला की तोच कण तुम्ही बॉनेटभर फिरवता, मग उन्हात बघा, कोळ्याचं जाळं उठलेलं दिसतं. आणि आमच्या हायवेच्या धुळीत रेतीला काय तोटा.

आनंदीबाई आधी पाइपाचं तोंड काढून टपावरून नुसतं मोकळं पाणी सोडायची. त्या पाण्याबरोबर गाडीवरचं निम्मं पाणी आपसूक उतरायचं. मग मोठं, मऊ, दाट लवेचं फडकं टपावर पसरायची आणि दोन टोकं धरून हळूच आपल्याकडे ओढायची. वरून टप, मग काचा, मग बॉनेट, मग दारं. चाकाजवळचा भाग सगळ्यात शेवटी, तोही वेगळ्या फडक्यानं. आरशाच्या फटीतलं पाणी ब्लोअरनं उडवायचं, नाहीतर मागाहून ओघळ येतात. आणि फडकं जमिनीला लागलं की ते गेलं, चाकांच्या बादलीत. एकदा मीच पडलेलं फडकं झटकून घेतलं तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. मालक कोण, तेच मला कळेना.

"कुठं शिकलात हे?" मी विचारलं.

"शिकायचं काय त्यात, शेठ? अंग मारानं सुजलेलं असलं की टावेल घासवत नाय. ठेवायचा नि उचलायचा. पुसायचं नाय, टिपायचं."

मी हसलो. मला वाटलं, बाई चेष्टा करतेय.

मग दिसायला लागलं. कधी डोळा काळानिळा, कधी ओठ फाटलेला. म्हशीनं शिंग मारलं म्हणायची. चौथ्यांदा म्हशीनं मारल्यावर मी विचारलं, "म्हशीचं नाव कुशाबा का हो?" कुशाबा तिचा नवरा. बांधाच्या भांडणात चुलतभावाचा हात कोयत्याच्या मुठीनं मोडला म्हणून महाडच्या कोर्टात त्याच्या तारखा चालायच्या. आनंदीबाई म्हणाली, "गाडी सुकतेय शेठ, डाग पडतील." आमचं बोअरचं पाणी क्षाराचं, उन्हात सुकलं की पांढरे ठिपके धरतं. मी गिऱ्हाईकाकडे वळलो. मला बरंच पडलं ते.

ती का सोसते, हे तिनंच एकदा सांगून टाकलं. मुलगी अंकिता महाडात बारावीला, होस्टेलवर. आईला तिला नर्स करायचं होतं आणि बापाला उजवून मोकळं व्हायचं होतं. आनंदीबाईचं काम सुटलं की पोरगी कापड्याला परत, आणि तिथून थेट मांडवात. "म्हनून शेठ," ती म्हणाली, "शिव्या द्या, काय द्या, पन घालवू नका."

आणि मी काय केलं ते ऐका.

एका मास्तरांची चंदेरी गाडी आली होती. आनंदीबाई दारं टिपत होती, मी नेहमीसारखा बॉनेटवर हात टेकून मास्तरांशी गप्पा मारत होतो. निघताना मास्तरांना बॉनेटच्या कडेला तीन बारीक चरे दिसले. मी इकडंतिकडं बघितलं. आनंदीबाईच्या दोन्ही हातांत सहा-सहा हिरव्या बांगड्या, काचेच्या. झालं, माझं टाळकं सरकलं. बादली लाथेनं रस्त्यापर्यंत गेली.

"काढ त्या बांगड्या. आत्ताच्या आत्ता."

"शेठ, घरवाल्याच्या नावाचा चुडा हाय."

"मग घरवाल्याची गाडी पूस. इथं बांगडी तरी नाहीतर काम तरी."

आमच्याकडे बाई सगळ्या बांगड्या एकदम काढत नाही. कासाराकडे नव्या भरतानाही एक तरी हातात ठेवते. रिकामं मनगट नवरा गेल्यावरच. हे मला माहीत नव्हतं असं नाही, माझी आईही तसंच करायची. आनंदीबाई हळू आवाजात म्हणाली, "एकेक तरी ऱ्हाऊ दे. वर चिंधी गुंडाळते, दोऱ्यानं बांधते." शहाणा माणूस हो म्हणाला असता. मी म्हणालो, "एका बांगडीनंही चराच पडतो."

तिनं फेसाच्या बादलीत हात घातले आणि एकेक करून बारा बांगड्या काढल्या. भाकरीच्या डब्यात ठेवल्या. त्या दिवसापासून रोज सकाळी काढायच्या, संध्याकाळी एसटीच्या आधी साबण लावून परत चढवायच्या. रुंद हाडाच्या हातावर काचेची बांगडी सुखासुखी चढत नाही. कधी एखादी फुटायची, मनगट कापायचं. मी लांबून बघायचो आणि मनात म्हणायचो, काय युक्ती काढली आपण, कामही राहिलं आणि चुडाही.

असं चार महिने चाललं.

मे महिना, दुपारचे बारा. पोलादपूरचा राहुल नवी कोरी काळी गाडी घेऊन आला. संध्याकाळी धाकट्या भावाची वरात त्याच गाडीतून निघायची होती. काळा रंग म्हणजे कसोटी, नखाचा ओरखडाही लपत नाही. अक्षयनं गाडी धुतली, सावलीला घेतली. आनंदीबाईनं मोकळं पाणी सोडलं आणि फडकं पसरणार, एवढ्यात एक उंच, वाळका माणूस आत आला. मी त्याला कधी बघितलं नव्हतं. गिऱ्हाईक समजून मी "या" म्हणालो.

त्याची नजर तिच्या मनगटांवर होती. कुशाबाच तो. कोर्टात तारीख पुढं गेली होती आणि परतीच्या एसटीला वेळ होता.

"मेलो काय गो मी?" एवढंच म्हणाला. तिच्या केसांत हात घातला आणि तिचं कपाळ बॉनेटवर आपटलं. मग परत आपटलं.

माझ्या तोंडून पहिलं काय निघालं सांगू? "अरे, गाडी." सांगताना लाज वाटते, पण तेच निघालं. बाईचं कपाळ फुटलंय आणि मला रंगाची पडलेली. त्याहून वाईट म्हणजे तिलाही तेच शिकवलं होतं मी. त्यानं कमरेचा पट्टा सोडला तशी ती स्वतःला ढकलून गाडीपासून लांब जमिनीवर पडली, बक्कल गाडीला लागू नये म्हणून.

बक्कल तिच्या कानाला लागलं. कान फाटला. "कुनी काढाय लावला चुडा?" तो विचारत होता. दर फटक्याला तोच प्रश्न. पाठीवर, दंडावर, तोंडावर. राहुल मध्ये पडला तर त्याला असा ढकलला की तो पंपावर जाऊन आदळला. अक्षयनं मागून कवळ घातली, तर कुशाबा त्याच्या हाताला चावला. आणि आनंदीबाईनं इतकं होऊनही माझ्याकडे मान वळवून बघितलं नाही. नुसतं बघितलं असतं तरी त्याला कळलं असतं, आणि निम्मा मार माझ्याकडे आला असता. मी जॅकचा दांडा आणायला धावलो. खरं सांगतो, धावताना मला बरं वाटलं, तिथून निघायला मिळालं म्हणून.

परत आलो तर तो थांबला होता. "घाल," म्हणत होता. "समद्यांच्या म्होरं घाल." आनंदीबाई उकिडवी बसून डब्यातल्या बांगड्या चढवत होती. फेस नाही, पाणी नाही. कपाळाचं रक्त मनगटावर गळत होतं, त्याच्यावरूनच सरकवत होती. आम्ही तीन बापे उभे होतो. त्याचा हात थांबला म्हणून आम्हाला वाटलं, मिटलं. आपली माणसं अशीच, हात थांबला की मिटलं म्हणतात.

बारावी चढली. तिनं दोन्ही हात पुढं करून दाखवले. त्यानं ते हात तसेच धरले आणि पाण्याच्या टाकीच्या सिमेंटच्या कडेवर आपटले. "तुला रांडाव व्हायचंय नव्हं? घे. हो." दोन आपट्यांत बाराच्या बारा गेल्या. काच तिच्या मनगटांत घुसली.

मग मी दांडा घातला. गुडघ्यावर पहिला, तो खाली बसला, दुसरा पाठीवर. तिसरा मी डोक्यासाठी उचलला होता. खोटं का बोलू, थांबायचा माझा विचार नव्हता.

"शेठ," आनंदीबाई म्हणाली, "सोडा. मेलेल्याला कोन मारतंय?"

दांडा तसाच वर राहिला. ती आपल्या मनगटांकडे बघत होती. चुडा नवऱ्यामागं फोडतात. ह्यानं जिवंतपणी, स्वतःच्या हातानं फोडला होता. कुशाबालाही ते तेव्हाच उमगलं असावं. त्याच्या तोंडावरचा जोर उतरला. "ए, आनंदे," तो बसल्या जागेवरून म्हणाला, "तसं नाय गो. रागाच्या भरात झालं."

ती उठली. मोकळा पाइप उचलून चावी सोडली आणि पाणी आपल्या डोक्यावर धरलं. लुगड्यावरून लाल पाणी वाहिलं, हळूहळू पांढरं झालं. तिनं चावी बंद केली.

"कापड्याचा कुशाबा गेला," ती त्यालाच म्हणाली. "त्याच्या नावानं आंगूळ केली. आता उठ नि जा."

तो कुठं जाणार? अक्षयनं त्याचे हात त्याच्याच पट्ट्यानं बांधले आणि राहुलला घेऊन त्याला रिक्षातून पोलीस स्टेशनला नेलं. मग तिनं स्वतः तक्रार दिली, महाडात खोली घेतली, अंकिताला जवळ ठेवलं, कापड्याच्या एसटीत ती परत बसली नाही. पण ते सगळं नंतरचं. त्या घडीला सेंटरवर आम्ही दोघंच उरलो होतो, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

कपाटातून मी एक नवं कोरं फडकं काढलं, गाडीला कधी न लावलेलं. तिनं ते कपाळावर ठेवलं, उचललं. मानेवर ठेवलं, उचललं. दंडावर, पाठीला पोचेल तिथवर. कुठंही घासलं नाही. पहिल्या महिन्यात मी ज्याच्यावर हसलो होतो ते हेच होतं.

"अक्षय रिक्षा पाठवतोय," मी म्हणालो. "दवाखान्यात जाऊ."

"रिक्षा येईस्तवर गाडी सुकंल. काळी हाय. वरातीची हाय."

ती उठायला लागली तसं मी तिला कट्ट्यावर बसवलं आणि स्वतः फडकं घेतलं.

"शेठ," ती म्हणाली, "अंगठी काढा."

मी हाताकडे बघितलं. लग्नातली अंगठी, वर पुष्कराज, चार टोकदार नख्यांत बसवलेला. सोळा वर्षं बोटात होती. काढ म्हणून मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"मास्तरांच्या गाडीला तीच लागलेली," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमी हात टेकून बोलत होता. मी बघितलेलं."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेवा सांगितलं असतं तर कामावर ठेवलं असतंत?"

नसतं ठेवलं. तिला ते माहीत होतं, मलाही होतं. चार महिने ती माझ्या चऱ्यापायी रोज मनगटं मोकळी करत होती, आणि मी स्वतःला हुशार समजत होतो.

अंगठी निघेना. बोट फुगलेलं. तिनं फेसाची बादली पायानं माझ्याकडे सरकवली. मी साबण लावून ओढली, कातडं सोलवटलं, मग निघाली. तिच्या रिकाम्या डब्यात टाकली. काळ्या टपावर फडकं पसरलं, दोन टोकं धरली आणि ती सांगेल तसं, हळूच, आपल्याकडे ओढलं.