एक मिलिमीटर

बांधकाम परवान्याच्या कचेरीत सगळे त्याला ‘फूटपट्टी’ म्हणत, आणि त्याला ते मनातून आवडायचं. सव्वीस वर्षं तो लोकांच्या घरांचे नकाशे तपासत होता. कुणाचा फुकटचा चहा प्यायला नाही, कुणाच्या भिडेला बळी पडला नाही. मूळ नकाशावर लाल पेन्सिल चालवणं त्याच्या जिवावर यायचं. म्हणून तो आधी झेरॉक्स काढायचा, मोजमाप तिच्यावर करायचा आणि मूळ कागद जसाच्या तसा फाइलीत ठेवायचा. एवढी टापटीप दुसऱ्या कुणाची नाही, हे तो स्वतःच अधूनमधून ऐकवायचा.

धाकट्या बहिणीचा नकाशा आला तेव्हा साहेबांनी सुचवलं, फाइल दुसऱ्या टेबलावर द्या. तो म्हणाला, मीच बघतो, उलट जरा जास्तच कडक बघतो. बहिणीचं राहणं पहिल्या मजल्यावर, खाली दुकान. पक्षाघातानंतर मेहुण्याला जिना झेपत नव्हता. ती त्याला काखेत धरून, एकेक पायरी मोजत खाली उतरवायची. मागच्या बाजूला खाली एक खोली बांधायची, शेजारी संडास, एवढाच काय तो बेत होता.

भिंत आणि कुंपण यांच्यात दीड मीटर मोकळी जागा हवी. नकाशावर आकडा दीडचाच होता, पण फूटपट्टी लिहिलेल्या आकड्यावर कसला विश्वास ठेवतो! त्याने पट्टी लावली. पन्नासपट लहान काढलेल्या नकाशात तीस मिलिमीटर हवे तिथे एकोणतीस भरले, म्हणजे जागेवर पाच सेंटीमीटर कमी. त्याने झेरॉक्सवर लाल गोल केला आणि नकाशा नामंजूर करून दुरुस्त नकाशा मागवला.

नकाशा काढणाऱ्या बाई तणतणत आल्या. म्हणाल्या, “साहेब, लिहिलेलं माप धरायचं असतं, पट्टी लावून मोजायचं नसतं. आमच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात.” त्याने मान वर न करता सांगितलं की माझ्या टेबलावर पट्टीच चालते. खरं तर त्याला त्या दिवशी जरा अभिमानच वाटला. सख्ख्या बहिणीलाही सूट नाही, ही गोष्ट दुपारपर्यंत कचेरीभर झाली.

बाईंनी भिंत आत सरकवली. मग खांबाची जागा बदलली, इंजिनियरची सही नव्याने आली, आणि नकाशा पुन्हा टेबलावर यायला दोन महिने लागले. त्या दिवशी नेमकं झेरॉक्सचं मशीन बंद होतं. नाइलाजाने त्याने मूळ कागदावरच पट्टी ठेवली. अंतर एकतीस मिलिमीटर भरलं. बाईंनी तर भिंत जेमतेम मिलिमीटरभर सरकवली होती. मग आधीचं किती?

त्याने जुना मूळ नकाशा फाइलीतून काढून मोजला. चोख तीस. त्यावर आपली लाल खुणांची झेरॉक्स ठेवली, तर दोन्हींच्या कडा जुळेनात. मशीन प्रत काढताना कागद जरासा लहान करत होतं. किती वर्षं, देव जाणे.

शिक्का मारून तो नकाशा घेऊन स्वतः बहिणीकडे गेला; सव्वीस वर्षांत कुणाचा नकाशा घरपोच द्यायची ही पहिलीच वेळ. मेहुणा पलंगावर पडून होता, कमरेखाली जाड पट्ट्यात आवळलेला. पंधरा दिवसांपूर्वी जिन्यावरून दोघं घसरली होती. तिला खरचटलं, त्याचं खुब्याचं हाड मोडलं. आता तो पुन्हा उभा राहील असं डॉक्टर म्हणत नव्हते.

“मला कळवलं का नाहीस?” त्याने विचारलं.

“कळवलं असतं तर तुला वाटलं असतं, फाइलीसाठी कळवलंय,” बहीण म्हणाली.

नकाशा हातातच राहिला. शेवटी तो म्हणाला, “ताई, तुझा पहिला नकाशा बरोबर होता. चूक माझ्या मोजण्यात होती.” धाकट्या बहिणीला तो लहानपणापासून ताईच म्हणायचा.

“केवढी चूक?”

“कागदावर एक मिलिमीटर.”

तिने घड्याळाकडे पाहिलं. मेहुण्याला कुशीवर वळवायची वेळ झाली होती, आणि एकटीला ते जमत नव्हतं.

“दादा, तिकडून हात घाल,” ती म्हणाली. “आणि बेतानं. जरा हललं तरी त्यांना फार दुखतं.”