कापून बघितलेला सायलेन्सर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार माझ्या मामांचे आहेत. आमच्या खानापूर तालुक्यातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, आणि त्यासाठी देशाच्या ज्या कोपऱ्यात काम मिळेल तिथे जाऊन राहायचं. मामा हिमाचलमधल्या एका डोंगरी गावात गेले आणि तिथलेच झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ती चढलो मामांच्या भट्टीच्या जोरावर. पुढे सिंगापुरात तांजोंग पगार नावाच्या भागातल्या एका ऑफिसात हिशेब तपासायला लागलो, तेही त्याच जोरावर.

मामींची किडनी गेली आणि डायलिसिससाठी त्यांना दर आठवड्याला जिल्ह्याच्या हॉस्पिटलात न्यावं लागू लागलं. मामा स्वतः गाडी चालवत. हिवाळ्यात काचा बंद, हीटर चालू. गाडीत बसलं की मामींचं डोकं दुखायचं, मळमळायचं. सगळ्यांनी ते आजारावर ढकललं. एका सकाळी हॉस्पिटलच्या दारात उतरताना मामी कोसळल्या, आणि मामांचंही डोकं गरगरत होतं. तिथल्या डॉक्टरांनी आधी गाडीची चौकशी केली. सायलेन्सरचा पाइप सीटखालीच कुजला होता आणि धूर आत येत होता. त्या धुरातल्या विषारी वायूला वासच नसतो.

"आरं, पत्रा मारून घेतलाय," मामा फोनवर म्हणाले. "चालतंय आता. तू नगं काळजी करू."

"मामा, तो सायलेन्सर नवाच होता ना?"

"दोन हिवाळं झालं. हितं समद्यांच्या गाड्यांचं असंच हाय."

मामांच्या गाडीचं मॉडेल जुनं, कंपनीचा पार्ट येणं बंद झालेलं. पण तेच जपानी मॉडेल सिंगापुरात अजून रस्त्यावर दिसायचं. मी ठरवलं, सायलेन्सर इथून पाठवायचा. मामांच्या मेकॅनिककडून मापं आणि फोटो मागवून घेतले.

त्याच आठवड्यात शनिवारी, सिंगापुरातल्याच बेडोक भागात, एका ओळखीच्या मॅनेजरच्या फ्लॅटवर जेवण होतं. माणूस पुण्याचा, सगळ्यावर तोडगा तयार. मी मामांच्या गाडीची हकीकत सांगितली.

"मामांना सांग, काच दोन बोटं खाली ठेवा. विषय संपला."

"बाहेर बर्फ असतो."

"मग स्वेटर घाला म्हणावं. आणि थंडीतला सायलेन्सर तू सिंगापुरात शोधतोयस? इथे थंडी फक्त ऑफिसच्या एसीत मिळते."

सगळे हसले. एसीचं वाक्य मलाही हसण्यासारखं वाटलं असतं. काचेच्या सल्ल्याने माझं जेवण कडू केलं. आजारी बाईने दोन बोटं काच उघडी ठेवून बर्फातून जायचं, आणि हे बोलणाऱ्याच्या स्वतःच्या गाडीला नवे टायर घ्यायचे तर तो महिनाभर इंटरनेटवर वाचत बसतो. गावाकडच्या माणसाचं म्हटलं की ठिगळ पुरतं, ही समजूत शिकलेल्यांत इतकी पक्की कशी, मला कळत नाही.

मीही वाचत बसलो. इंजिनाच्या धुरात वाफ असते. थंडीत पाइपमध्ये तिचं पाणी होतं. पाइप पुरता तापायच्या आत गाडी थांबली की पाणी आतच राहतं आणि लोखंड आतून खातं. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते बाहेरून खातं. म्हणजे सायलेन्सर आतबाहेर, सांध्यांसकट चांगल्या स्टेनलेसचा हवा. वरची चकाकी उपयोगाची नाही.

पहिलं दुकान मोठं होतं. बोर्डावर 'फुल स्टेनलेस' असं ठळक लिहिलेलं. दुकानदाराने एक गाडी सुरू करून जागेवरच रेस दिली.

"आवाज ऐका, अंकल. शिओक ना? एकदम मस्त!"

मी तेव्हा तिशीत होतो. "आवाज नको. जितका कमी तितका बरा. आतली जाळीची नळी कशाची आहे?"

"फुल स्टेनलेस."

"नळीसुद्धा?"

"फुल म्हणजे फुल, लाह."

"कापून दाखवा."

तो हसायला लागला. त्याला ते वेडेपण वाटलं. पण लहानपणी सुट्टीत मामांच्या भट्टीवर मी हीच रीत पाहिली होती. दागिना वरून कितीही पिवळा असो, त्याला छेद दिल्याशिवाय मामा भाव बोलत नसत. "वरनं समदंच सोनं असतंय," म्हणायचे. गिऱ्हाईक रागावलं तरी छेद त्याच्यासमोरच द्यायचे.

मी सायलेन्सर विकत घेतला, मग कापायला सांगितलं. आता तो माझा होता, त्याला नाही म्हणता येईना. ग्राइंडर फिरला. वरचं आवरण स्टेनलेसचं होतं, पातळ. आतली नळी साध्या लोखंडाची. तिच्यावरून बोट फिरवलं तर तांबूस भुकटी बोटाला लागली. कोऱ्या मालाची ही कथा.

"हे फुल आहे?"

"अंकल, इथे दहा वर्षं झाली की बहुतेक लोक गाडीच भंगारात देतात. आत कोण बघतंय?"

"पाच वर्षांची वॉरंटी लिहिली आहे तुम्ही."

"सिंगापुरात चालवली तर."

साधं लोखंड विकणं हा गुन्हा नाही. साधं म्हणून विकलं असतं तर मी नमस्कार करून पुढे गेलो असतो. पण त्या एका शब्दावर विसंबून कोणीतरी काचा बंद करून गाडीत बसतं आणि श्वास घेतं. तो शब्द बोर्डावर लिहिताना ह्या माणसाचा हात अडला नाही, आणि नळी उघडी पडल्यावरही त्याला लाज वाटली नाही. मी जरा हट्टी गिऱ्हाईक निघालो, एवढंच त्याचं दुःख. इतर गिऱ्हाइकं वळून पाहू लागली तसे त्याने पैसे परत केले.

"पैशांचं राहू द्या. बोर्डावरचा 'फुल' पुसा," मी म्हणालो.

त्याने पुसला नाही. मी राहायचो त्या हौगांग भागातून येणारी माझी बस त्या दुकानावरून जायची, आणि तो बोर्ड दिसला की दर वेळी माझं डोकं तापायचं.

शेवटी दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये मापाप्रमाणे नवा बनवून घेतला. वेल्डिंग करायच्या आधी प्रत्येक नळी पाहिली. "रेसिंगसाठी?" तिथल्या कारागिराने विचारलं. "मामीसाठी," मी म्हणालो. तो खोक्यात भरला आणि वर हे पत्र ठेवलं.

"मामा, नमस्कार.

सायलेन्सर पाठवतोय. दिसायला साधा आहे, चकचकीत मुद्दामच घेतला नाही. सीटखालच्या भागात एकही जोड ठेवलेला नाही. जुना पाइप पत्र्यासकट काढून टाकायला सांगा, त्यातला कुठलाही तुकडा पुन्हा वापरू देऊ नका.

हॉस्पिटलातून परतताना शक्य असेल तेव्हा थोडं लांबच्या रस्त्याने या, म्हणजे पाइप तापून आतलं पाणी सुकेल. बर्फ पडला असेल तर गाडी सुरू करण्याआधी मागचं तोंड मोकळं करा. सोबत गाडीत विषारी धूर शिरला की वाजणारं एक छोटं यंत्र आहे, ते मामींच्या सीटजवळ लावा. ते वाजलं तर गाडी थांबवून दोघंही बाहेर पडा, कितीही थंडी असली तरी.

तुम्ही छेद दिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्याच नळीचा उरलेला तुकडा कागदात गुंडाळून ठेवलाय. कापा, घासा, भट्टीत टाका. पण तपासण्यात दिवस घालवू नका, मामा. मामींची पुढची खेप ह्याच पाइपवर झाली पाहिजे."